नुकसानीची मोजणी : शिवारापासून अहवालापर्यंत

सातारा जिल्ह्याच्या पूर्व भागातील खटाव तालुक्यात येरळा नदीचा उगम आहे. तालुक्याचे मुख्य ठिकाण असलेले वडूज याच नदीच्या काठी वसले आहे. येथून दक्षिणेकडे वाहत जाऊन ही नदी सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळ गावाजवळ कृष्णेला मिळते. २०१९ या एकाच वर्षी या नदीच्या दोन टोकांनी दोन भिन्न आपत्ती अनुभवल्या. उन्हाळ्यात वरच्या अंगाला माण-खटावच्या पट्ट्यात पाण्याची आणि चाऱ्याची तीव्र टंचाई होती. ऑगस्टमध्ये खालच्या टोकाला कृष्णेच्या महापुराने ब्रह्मनाळ वेढले गेले आणि ८ ऑगस्ट रोजी पुरातून ग्रामस्थांना बाहेर काढणारी नाव उलटून अनेकांना प्राण गमवावे लागले. पुढे ऑक्टोबर-नोव्हेंबरात राज्याच्या मोठ्या भागात अवकाळी पावसाने काढणीस आलेली पिके शेतातच कुजली.

या तीनही प्रसंगांनंतर शासन यंत्रणेला एकच काम करावे लागते. नुकसान किती झाले, कोणाचे झाले आणि कशामुळे झाले, या तीन प्रश्नांची खात्रीलायक उत्तरे कागदावर आणावी लागतात. मदतीविषयी सार्वजनिक चर्चा होते ती बहुधा रकमेची. हेक्टरी किती मिळणार, मर्यादा किती हेक्टरांची, हे लोक आवर्जून विचारतात. तथापि दर मंत्रालयात ठरला, तरी त्या दराने कोणास मदत मिळणार हे शिवारात, पंचनाम्याच्या कागदावर ठरते. तेथे सुटलेले नाव पुढे मंडळ, तालुका, जिल्हा या कोणत्याही पायरीवर आपोआप परत येत नाही. म्हणूनच नुकसानमोजणीची रीत अधिकाऱ्यांप्रमाणेच सरपंच, ग्रामपंचायत सदस्य आणि शिक्षक यांनाही माहीत असणे अगत्याचे आहे.

दोन आपत्ती, दोन मापे

मोजणीच्या दृष्टीने आपत्तींचे दोन वर्ग पडतात. अतिवृष्टी, पूर, गारपीट, भूकंप, आग यांना दिवस आणि वेळ असते. अशी आपत्ती कोणत्या गटावर, कोणत्या घरावर आली हे दाखविता येते. तिचे माप म्हणजे पंचनामा.

दुष्काळाला असा दिवस नसतो. पेरणी लांबते, पावसात खंड पडतो, विहिरींचे पाणी खाली जाते आणि दाणा भरत नाही. नुकसान एकट्यादुकट्याचे नसून साऱ्या शिवाराचे असते. त्याचे परंपरागत माप म्हणजे पैसेवारी.

ही दोन्ही मापे एकमेकांची जागा घेऊ शकत नाहीत. पैसेवारी गावाची स्थिती सांगते, पंचनामा माणसाची. हा भेद लक्षात न घेतल्याने गावोगाव पुष्कळ गैरसमज होतात.

पैसेवारी म्हणजे काय

१८७६-७८ च्या भीषण दुष्काळाची झळ सातारा जिल्ह्यालाही बसली होती. त्या दुष्काळानंतर नेमलेल्या आयोगाने १८८० साली अहवाल दिला आणि दुष्काळी संहितांचा पाया घातला गेला. पीक किती आले यावरून सारा सूट किंवा तहकुबी ठरविण्याची पद्धत रूढ झाली. रुपयात सोळा आणे होते तेव्हा तिला आणेवारी म्हणत. दशमान नाण्यांनंतर तीच पैसेवारी झाली. ग्रामीण भागात आजही ‘आणेवारी किती लागली’ असेच विचारले जाते.

पैसेवारी काढण्यासाठी गावपातळीवर समिती असते. तीत महसूल, कृषी व ग्रामपंचायत यांचे कर्मचारी, सरपंच आणि शेतकरी प्रतिनिधी यांचा समावेश असतो. प्रथम नजरअंदाज, नंतर सुधारित आणि शेवटी अंतिम अशा टप्प्यांनी ती जाहीर होते. अंतिम आकड्याचा आधार पीक कापणी प्रयोग हा आहे. उभ्या पिकात १० मीटर लांब व १० मीटर रुंद असा चौकोन आखून त्यातील पीक कापतात, मळतात आणि धान्याचे वजन घेतात. हा चौकोन म्हणजे एक आर, अर्थात हेक्टरचा शंभरावा भाग. त्यामुळे हिशेब सोपा होतो. चौकोनात जितके किलो धान्य निघेल, तितके क्विंटल हेक्टरी उत्पन्न समजावे.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका गावात बाजरीचे प्रमाणित उत्पन्न हेक्टरी १० क्विंटल धरले आहे. हलक्या जमिनीतील प्रयोगात ३ किलो, मध्यम जमिनीत ६ किलो व भारी जमिनीत ९ किलो बाजरी निघाली. साधी सरासरी ६ क्विंटल, म्हणजे पैसेवारी ६० पैसे. पन्नास पैशांच्या वर असल्याने गाव टंचाईच्या कक्षेत येत नाही. परंतु माळावरच्या हलक्या जमिनीच्या शेतकऱ्याचे पीक त्याच मापाने अवघे ३० पैसे आलेले असते. हिशेब चुकलेला नाही, सरासरीचा स्वभावच असा आहे. त्यामुळे प्रयोगाचे शेत कोणते निवडले यास फार महत्त्व येते. रस्त्याकडेचे, विहिरीजवळचे, पोहोचण्यास सोयीचे शेत निवडले तर आकडा फुगतो. उलट मुद्दाम वाळलेले शेत निवडले तर तो पडतो आणि वरिष्ठ पाहणीत साऱ्या गावाची विश्वासार्हता जाते. निवड नियमाप्रमाणे व्हावी आणि कापणीच्या दिवशी समितीचे सदस्य शेतात हजर असावेत, एवढे पथ्य पाळले तरी बरेच वाद टळतील.

अलीकडे दुष्काळ जाहीर करण्याची रीत बदलली आहे. केंद्र शासनाची दुष्काळ व्यवस्थापन संहिता २०१६ साली आली आणि महाराष्ट्राने तिला अनुसरून २०१७ मध्ये आपली कार्यपद्धती ठरविली. आता पावसाची तूट व खंड प्रथम पाहिला जातो. त्यानंतर पेरणीचे क्षेत्र, उपग्रहावरून दिसणारी पिकांची हिरवाई, जमिनीतील ओलावा, भूजल व जलाशयांची स्थिती हे निर्देशांक तपासले जातात. शेवटी तालुक्यातील १० टक्के गावांत प्रत्यक्ष पाहणी होते. पिकाचे नुकसान ३३ ते ५० टक्के आढळल्यास मध्यम आणि ५० टक्क्यांहून अधिक आढळल्यास गंभीर दुष्काळ समजला जातो. उपग्रहाचा उपयोग होतो हे खरे, परंतु अखेरचा निर्णय शेतात उभे राहून केलेल्या नोंदीवर येऊन ठेपतो. जाहीर झालेल्या भागात जमीन महसुलात सूट, शेतीकर्जाच्या वसुलीस स्थगिती, कृषिपंपांच्या वीज देयकात सवलत, विद्यार्थ्यांच्या परीक्षा शुल्कात माफी अशा सवलती लागू होतात. म्हणजे शिवारातील या नोंदीचा संबंध शाळेतील विद्यार्थ्यापर्यंत पोहोचतो.

पंचनाम्याची अंगे

अतिवृष्टी किंवा पुरानंतर पिकांचा पंचनामा तिघांनी मिळून करावयाचा असतो. तलाठी (२०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी), ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी) आणि कृषी सहायक (आता सहायक कृषी अधिकारी) हे ते तिघे. जमीन कोणाची हे पहिला सांगतो, माणूस कोण हे दुसरा ओळखतो आणि पिकाची हानी किती हे तिसरा ठरवितो. तिघे एकत्र शिवारात गेले तरच संयुक्त पंचनाम्याचा हेतू साधतो. एकाने पाहणी करून इतरांनी नंतर सह्या केल्या, तर तो नावालाच संयुक्त राहतो.

राज्यात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला की अतिवृष्टी समजली जाते व ही नोंद महसूल मंडळातील पर्जन्यमापकावरून घेतली जाते. मापक एका ठिकाणी असतो आणि ढग दुसरीकडे फुटू शकतो. अशा वेळी प्रत्यक्ष नुकसान पाहून, ते ओढ्याच्या पाण्याने झाले की थेट पावसाने, हे कारण पंचनाम्यात स्पष्ट लिहिणे हाच योग्य मार्ग होय.

पिकांच्या बाबतीत ३३ टक्के किंवा अधिक हानी हा मदतीचा उंबरठा आहे. २०१५ पूर्वी तो ५० टक्के होता. २०२२-२३ ते २०२५-२६ या कालावधीसाठी केंद्राने ठरविलेल्या निकषांत कोरडवाहू पिकांसाठी हेक्टरी ८,५०० रुपये, बागायती पिकांसाठी १७,००० रुपये व बहुवार्षिक पिकांसाठी २२,५०० रुपये असे दर असून मर्यादा दोन हेक्टरांची आहे. राज्य शासन प्रसंगानुसार यात वाढ करते. २०२२ च्या पावसाळ्यातील नुकसानीसाठी राज्याने वाढीव दर आणि तीन हेक्टरांची मर्यादा दिली होती. २०१९ च्या अवकाळी पावसानंतर खरीप पिकांसाठी हेक्टरी ८,००० व फळबागांसाठी १८,००० रुपये जाहीर झाले होते. दर असे दर वेळी बदलतात. पंचनाम्यातील क्षेत्र, पीक व हानीची टक्केवारी मात्र एकदाच मोजली जाते.

आणखी एक काल्पनिक उदाहरण पाहू. एका खातेदाराच्या १ हेक्टर ६० आर जमिनीपैकी १ हेक्टरात विहिरीच्या पाण्यावरचा कांदा आणि ६० आरांत बाजरी आहे. पावसाने कांदा निम्मा सडला व बाजरीची चौथाई हानी झाली. बाजरी उंबरठ्याखाली राहिली. कांद्यासाठी बागायती दराने १७,००० रुपये होतात. पीक पाहणीत हीच जमीन कोरडवाहू दाखविली असेल तर मदत ८,५०० वर येते. आणि मागील वर्षाची ‘बाजरी’ हीच नोंद पूर्ण क्षेत्रावर पुढे ओढली असेल, तर कांदा कागदावर नाहीच आणि मदतही नाही. पाऊस तोच, शेत तेच, नुकसानही तेच. फरक केवळ नोंदीचा.

खटाव तालुक्यात या मुद्द्यास विशेष महत्त्व आहे. पूर्वी ज्वारी-बाजरीवर विसंबून असलेल्या या भागात कांदा, बटाटा, आले यांसारखी पिके घेतली जातात आणि जिहे-कठापूरसारख्या उपसा सिंचन योजनेमुळे कृष्णेचे पाणी दुष्काळी पट्ट्यात येऊ लागले आहे. पाणी आले म्हणजे पीक बदलते. त्याबरोबर गाव नमुना बारामधील नोंदही बदलली पाहिजे. २०२१ पासून शेतकऱ्याला भ्रमणध्वनीवरून स्वतः ई-पीक पाहणी नोंदविता येते. आपत्ती येण्यापूर्वीच केलेली ही नोंद पुढे सर्वांत भक्कम पुरावा ठरते.

घरे, जनावरे आणि सार्वजनिक मालमत्ता

घरांच्या पंचनाम्यात पक्के, कच्चे व झोपडी आणि पूर्ण अथवा अंशतः पडलेले असे वर्गीकरण करावे लागते. अंशतः नुकसानीसाठी किमान १५ टक्के पडझड आवश्यक आहे. वरील कालावधीच्या निकषांनुसार सपाट प्रदेशातील पूर्ण पडलेल्या घरासाठी १,२०,००० रुपये, तर अंशतः पडलेल्या पक्क्या घरासाठी ६,५०० रुपये होते. दोन रकमांतील अंतर मोठे आहे. उभ्या दिसणाऱ्या परंतु राहण्यास धोकादायक झालेल्या दगडमातीच्या भिंतीबाबत केवळ नजरेने निर्णय करणे म्हणूनच उचित नाही. तेथे अभियंत्याचे मत घ्यावे. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपाने आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाने दगडमातीच्या घरांचा धोका महाराष्ट्राला दाखवून दिला. किल्लारीनंतर तर हानीच्या प्रमाणावरून गावांचे वर्ग पाडण्यात आले. सर्वाधिक हानीच्या ५२ गावांचे नव्या जागी पुनर्वसन झाले, इतरत्र घरांची पुनर्बांधणी किंवा दुरुस्ती झाली. नुकसानीचे वर्गीकरण साऱ्या गावाचे भवितव्य कसे ठरविते, याचे हे मोठे उदाहरण आहे.

दुभत्या गाई-म्हशीसाठी ३७,५०० रुपये आणि शेळी-मेंढीसाठी ४,००० रुपये असा दर होता. यासाठी पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांचा दाखला लागतो. मृत जनावर पुरण्यापूर्वी छायाचित्र व तपासणी होणे जरूर आहे. रस्ते, पूल, शाळा, पाणीयोजना यांचे नुकसान त्या त्या विभागाचे अभियंते मोजतात. शाळेच्या बाबतीत मुख्याध्यापकांनी पडलेली भिंत, उडालेले पत्रे, भिजलेली दप्तरे व पुस्तके यांची यादी त्याच दिवशी करून ठेवावी.

कोण सुटतात

मोजणीतील चुका बहुधा ठरावीक ठिकाणीच होतात. त्यांची आधीच जाणीव असेल तर त्या टाळता येतील.

पहिला वर्ग गैरहजर खातेदारांचा. माण, खटाव, खानापूर, आटपाडी या पट्ट्यातील असंख्य कुटुंबे पोटासाठी बाहेर पडली आहेत. कोणी मुंबईत माथाडी कामगार आहे, कोणी देशभरच्या शहरांत सोने-चांदी गाळण्याचा गलाई व्यवसाय करतो. सातबारावर नाव एकाचे, शेत पाहणारा भाऊ दुसरा, असे घरोघरी आढळते. पंचनाम्याच्या दिवशी बांधावर कोणी नसले तर तो गट राहून जातो.

दुसरा वर्ग मृत खातेदारांच्या वारसांचा, त्यातही विधवांचा. वारस नोंद झालेली नसेल तर मदत मृताच्या नावे मंजूर होते आणि बँक खात्याअभावी पडून राहते.

तिसरा वर्ग बटईने कसणाऱ्यांचा. बियाणे, खत आणि मेहनत त्यांची असते, कागद मात्र मालकाचा असतो. मालकाच्या संमतीने मदतीचा वाटा देण्याविषयी गावातच लेखी समजूत करून घेणे हा आजच्या स्थितीत व्यवहार्य उपाय आहे.

चौथा वर्ग मेंढपाळांचा. त्यांचे कळप वर्षातील बराच काळ परक्या शिवारात असतात. मेंढ्या जेथे दगावल्या त्याच गावाच्या हद्दीत ताबडतोब पंचनामा करवून घेतला पाहिजे. स्वगावी परतल्यावर पुरावा उरत नाही.

सामाईक खात्यांचाही उल्लेख येथे करावा लागेल. चार भावांच्या खात्यात एकाचेच नाव व क्षेत्र धरले गेले, तर उरलेले तिघे वंचित राहतात आणि वर्षानुवर्षांची भाऊबंदकी नव्याने पेटते.

अहवालाची वाटचाल

गावचे पंचनामे मंडळ अधिकाऱ्यांकडे, तेथून वडूजसारख्या ठिकाणच्या तहसील कार्यालयात, प्रांताधिकाऱ्यांमार्फत जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि विभागीय आयुक्तांमार्फत शासनाकडे जातात. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ अन्वये जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी, तर सहअध्यक्ष जिल्हा परिषदेचे अध्यक्ष असतात. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीत महाराष्ट्रासाठी केंद्राचा वाटा ७५ टक्के व राज्याचा २५ टक्के आहे. हानी या निधीच्या आवाक्याबाहेर गेल्यास राज्य केंद्राला निवेदन सादर करते आणि केंद्राचे आंतरमंत्रालयीन पथक पाहणीस येते.

या वाटचालीत दोन प्रकारचे अहवाल असतात. पहिल्या एक-दोन दिवसांचा प्राथमिक अहवाल अंदाजाने तयार होतो. बचाव, अन्न, औषधे, तात्पुरता निवारा यांची गरज कळावी हा त्याचा हेतू. पंचनाम्यांवर आधारलेला अंतिम अहवाल नंतर येतो. दोहोंतील आकडे जुळत नाहीत हे स्वाभाविक आहे. अंतिम आकडा कमी आला म्हणजे शासनाने कपात केली, किंवा जास्त आला म्हणजे गावाने फुगविला, असा निष्कर्ष लगेच काढू नये. फरकाचे कारण मात्र अहवालात एका वाक्याने तरी नमूद असावे. घाबरून प्राथमिक आकड्याशी जुळविण्यासाठी अंतिम आकडा वळविणे ही सर्वांत मोठी चूक होय. त्यात खरा नुकसानग्रस्त तरी बळी पडतो किंवा सार्वजनिक निधी तरी.

गावाने काय करावे

पंचनाम्याचा कार्यक्रम दवंडी देऊन किंवा गावाच्या संदेशगटावर आदल्या दिवशी कळवावा. कोणत्या दिवशी कोणते गट पाहिले जाणार हे माहीत असेल तर बाहेरगावचा खातेदार भावाला बांधावर उभे करू शकतो. काढणीस आलेले पीक पुढील पेरणीसाठी हलविणे भाग असेल, तर तारखेसह छायाचित्र काढून ग्रामपंचायतीकडे लेखी अर्ज द्यावा व पोच घ्यावी.

मोजणी पूर्ण होताच नावांची यादी वर जाण्यापूर्वी चावडीवर वाचून दाखवावी व फलकावर लावावी. गावाला एकमेकांची शेते ठाऊक असतात. कोणाचे नाव राहिले आणि कोणाचे नाहक घुसले, हे यादी वाचताना बसल्या जागी कळते. या कामी शिक्षकांचे साहाय्य मोलाचे ठरेल. यादी मोठ्याने वाचणे, अर्ज लिहून देणे, आधार व बँक खात्यातील नावांचा मेळ तपासून देणे ही कामे ते सहज करू शकतात. मदत आता थेट बँक खात्यात जमा होते. नावातील एका अक्षराचा फरकही ती अडवू शकतो.

वडूजच्या याच कचेरीवर ९ सप्टेंबर १९४२ रोजी निघालेल्या मोर्चावर परकीय सत्तेने गोळ्या झाडल्या आणि खटावच्या मातीतील सुपुत्र हुतात्मा झाले. आज त्या कचेरीत शेतकरी येतो तो आपल्या हक्काचा कागद घेऊन. येरळेला पूर येवो की ती कोरडी पडो, त्या कागदावरील क्षेत्र, पीक आणि नाव बरोबर असणे ही आपणा सर्वांची जबाबदारी आहे. ती पार पाडण्याची वेळ आपत्तीनंतर नव्हे, प्रत्येक हंगामाच्या पीक पाहणीपासूनच सुरू होते.